माहिती अधिकार समजून घेताना (लेखांक ९) : क्षेपणास्त्र आणि दहा रुपयांचा अर्ज

मागच्या लेखांकात गावच्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका कशी मागायची ते पाहिलं. या वेळी जरा जड दाराला हात घालू. सैन्यात कुणी ना कुणी असलेली घरं जुन्नर-आंबेगावात गावोगाव आहेत. सरकारने डागलेल्या, किंवा चुकून सुटलेल्या, क्षेपणास्त्राची माहिती या घरांना मागता येते का?

येते, पण कुणाकडे मागता यावर बरंच अवलंबून आहे. पिनाक रॉकेट जिथे घडलं ती पुण्यातल्या पाषाणची प्रयोगशाळा डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची. डीआरडीओ माहिती अधिकार कायदा, २००५ च्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे कलम २४ नुसार कायद्याबाहेर. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तेवढाच अपवाद. मात्र क्षेपणास्त्र वापरणारी भूदल, नौदल, हवाई दल ही तिन्ही दलं त्या अनुसूचीत नाहीत. त्यांच्याकडे अर्ज करता येतो. सुरक्षेला बाधा येणारी माहिती ते कलम ८(१)(क) खाली नाकारू शकतात, पण कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. हे कलम १० फारसं कुणी अर्जात लिहीत नाही, आणि तिथेच अर्ज पडतो.

कायदा असा आहे. प्रत्यक्षात काय होतं?

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि एक स्थानिक नागरिक गेले. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीर सांगितलं ते ४ ऑक्टोबरला. मधे सात महिने गेले, लोकसभेची निवडणूकही होऊन गेली. क्षेपणास्त्राचा पल्ला, त्याची संकेतप्रणाली झाकून ठेवा, त्याला कुणाची हरकत नाही. पण आपलं माणूस कशाने गेलं हे घरच्यांना आणि देशाला अधिकृतपणे कळायला सात महिने लागावेत, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

दुसरं प्रकरण ९ मार्च २०२२ चं. आपलं ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. जीवितहानी झाली नाही. पाकिस्तानने दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेतली, आपलं निवेदन ११ मार्चला आलं, १५ मार्चला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह संसदेत बोलले. ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. त्यांच्यापैकी एकाने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि तिथे केंद्राच्या उत्तरातून सरकारी तिजोरीला २४ कोटींचा फटका बसल्याचं पुढे आलं. म्हणजे आकडा बाहेर पडला तो कोर्टकज्जातून.

तिसरी वाट कॅगची, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांची. तपासणीसाठी डागलेल्या २० आकाश क्षेपणास्त्रांपैकी ६ फेल गेली, हे २०१७ मध्ये कॅगच्या अहवालाने सांगितलं. पुढे संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर टाकणं कॅगने थांबवलं. अहवाल संसदेत मांडायचा आणि मंचरच्या माणसाला तो घरबसल्या वाचता येऊ नये अशी सोय करायची, हे काही पटत नाही. परक्या देशाच्या वकिलातीला तो मिळवणं कितीसं अवघड आहे?

आता अर्जाचं. ‘हेलिकॉप्टर का पडलं?’ असं विचारू नका. कायदा नोंदी देतो, कारणं सांगायला अधिकारी बांधील नाही. ‘चौकशी अहवाल कोणत्या तारखेला सादर झाला, नुकसानीची किती रक्कम नोंदवली, अहवालातला गोपनीय नसलेला भाग कलम १० नुसार द्यावा’ असं लिहा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. आणि तहसीलला चालतो तो कोर्ट फी स्टॅम्प इथे चालत नाही. केंद्राच्या कार्यालयासाठी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर पैसे भरा. उत्तराची मुदत ३० दिवस. नकार आला तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं. ते कसं लिहायचं, हे पुढच्या आठवड्यात. तोवर नकाराचं पत्र पाकिटासकट जपून ठेवा. मुदत मोजायला पाकिटावरचा शिक्का लागतो.