पेल्यातील कपट
(परदेशी शिकणारी मुले : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात घरमालकाशी करावयाच्या करारनाम्याचा विचार झाला. आजचा विषय मात्र असा आहे की, जो आपल्या घरांत सहसा कोणी उच्चारीत नाही, आणि म्हणूनच एडिंबरो वा नॉटिंगहॅम येथे दाखल झालेल्या मुलांना तो तिकडे गेल्यावरच प्रथम कळतो. ब्रिटिश विद्यापीठांत सत्रारंभी ‘फ्रेशर्स वीक’ नामक जो नवागतांचा सप्ताह साजरा होतो, त्यातील कित्येक मेळावे मद्यगृहांत व नृत्यगृहांत भरतात. आणि अशा गर्दीत कोणाच्या पेयात त्याच्या नकळत मादक द्रव्य मिसळण्याचा जो दुष्ट प्रकार घडतो, त्याला तिकडे ‘स्पायकिंग’ म्हणतात.

हे कपट आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. रेल्वेच्या डब्यात चहाबिस्किटांतून गुंगीचे औषध देऊन प्रवाशांना लुटल्याच्या बातम्या आपण वाचतोच, आणि पूर्वी हेच काम धोतऱ्याच्या बियांकडून करवून घेतले जाई. अशा कृत्यास १८६० च्या दंडसंहितेचे ३२८ वे कलम लागू होत असे. आता भारतीय न्याय संहितेचे १२३ वे लागते, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे. इंग्लंडातही १८६१ च्या कायद्यावर दीर्घकाळ काम भागविले गेले; स्पायकिंगला स्वतंत्र गुन्हा ठरविणारे विधेयक तेथील संसदेपुढे आले ते २०२५ साली.

टाळेबंदीनंतर नृत्यगृहे पुन्हा उघडली असता, ऑक्टोबर २०२१ मध्ये, पेयात काही मिसळल्याच्याच नव्हे तर सुई टोचल्याच्याही फिर्यादी गावोगावी येऊ लागल्या, तेव्हा विद्यार्थिनींनी आपापल्या नगरात एकेक रात्र ठरवून नृत्यगृहांवर बहिष्कार पुकारला. मे २०२२ ते एप्रिल २०२३ या वर्षात पोलिसांच्या दप्तरी अशा ६,७३२ फिर्यादी नोंदल्या गेल्या, त्यांपैकी ९५७ सुईच्या होत्या.

पेयात मिसळतात काय, असे विचारले की वर्तमानपत्रे रोहिप्नॉल या झोपेच्या गोळीचे नाव घेतात. त्या गोळीच्या उत्पादकाने गेल्या शतकाच्या अखेरीस, ती विरघळताच स्वच्छ पेय निळे पडावे अशी तजवीज केली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील चार विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये, मादक द्रव्य मिसळलेल्या पेयात बुडविताच रंग पालटणाऱ्या नखरंगाची कल्पना मांडली. कल्पकता वाखाणण्याजोगी खरी. परंतु पुष्कळदा मिसळले जाते ते मद्यच, कधी फळांच्या रसात, कधी आधीच भरलेल्या पेल्यात आणखी एक माप, आणि त्यापुढे कोणत्याही नखरंगाचा इलाज चालत नाही. सबब “आमची मुलगी पीतच नाही” या समाधानात पालकांनी राहू नये. रसाचा पेलाही पेलाच असतो. (मुलगेही या कपटाला बळी पडतात, हे आपण फार सोयीस्करपणे विसरतो.)

पेला नजरेआड होऊ देऊ नये, अनोळखी माणसाने आणून दिलेले पेय घेऊ नये, हा उपदेश योग्यच आहे. पण बंदोबस्ताचा सारा भार पिणाऱ्यावर टाकून मेळावा भरविणाऱ्याने नामानिराळे राहावे, हे मला मान्य नाही. प्रत्येकाने वाटेल तेव्हा पेला बुडवावा असे सामायिक पात्र मांडूच नये, पेय घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ओतावे, पाणी मुबलक व विनामूल्य असावे, आणि दोन-चार कार्यकर्ते त्या रात्री मद्याला न शिवता केवळ लक्ष ठेवण्यासाठी नेमावेत, एवढे तरी संयोजकांकडून व्हावयास हवे. सर्वांत मोठी गफलत घडते ती दारावर: पाय लटपटणारी मुलगी दिसली की पहारेकरी तिला मद्यधुंद समजून रस्त्यावर काढतो, आणि तिच्यावर टपलेला इसम बाहेर उभाच असतो. लिंकनशायर परगण्यात २०१६ मध्ये ‘आस्क फॉर अँजेला’ ही योजना निघाली. संकटात सापडलेल्या व्यक्तीने पेयगृहातील सेवकाला ‘अँजेला कुठे आहे?’ एवढेच विचारावे की त्याने ओळखावे. मात्र तो सेवक पढविलेला नसेल, तर भिंतीवरचे फलक व्यर्थ होत.

थोडेसेच पिऊन वा मुळीच न पिता सोबतीण बरळू लागली, तिला ओकाऱ्या होऊ लागल्या किंवा शुद्ध हरपू लागली, तर तिला एकटी सोडू नये, कुशीवर निजवावे, नुकत्याच ओळख झालेल्या कोणाच्या हवाली करू नये, आणि ९९९ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जीएचबीसारख्या गुंगी आणणाऱ्या द्रव्याचा मूत्रातील माग सुमारे बारा तासांत नाहीसा होतो. म्हणून तपासणीचा नमुना शक्य तितक्या लवकर द्यावा, आणि पेला हाती असल्यास तो न धुता जपून ठेवावा. पालकांना विनंती इतकीच की, मध्यरात्री असा दूरध्वनी आलाच, तर “तिथे गेलीसच कशाला?” असे न विचारता, जवळ कोण आहे आणि रुग्णालयात कोण नेत आहे, एवढेच आधी विचारावे.