नोटीस आली तर आधी वाचा
आमच्या शाळेत शिकलेल्या दापोलीच्या कितीतरी मुली आज नर्स आहेत. त्यांपैकी एक मागे नोटीस घेऊन आमच्याकडे आली. चुकीचे इंजेक्शन दिल्याचा आरोप होता. तिचे अब्बा म्हणाले, "राजीनामा दे, बदनामी टळेल." आम्ही म्हटले, "आधी नोटीस कुणाची ते पाहू."

नोटीस रुग्णालयाची होती. रुग्णालय नोकरीवरून काढू शकते, पण नर्सची नोंदणी रद्द करू शकत नाही. १९६६ च्या कायद्याने तो अधिकार महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आहे. तेथेही आधी चौकशी होते, बाजू मांडता येते.

म्हणून घाईने माफीनाम्यावर सही करू नये. तक्रारीची प्रत लेखी मागावी. मुदतीत उत्तर देऊन पोच घ्यावी. त्या पाळीत रुग्ण किती, नर्स किती, औषध कुणी लिहून दिले, हे आठवते तसे लिहून काढावे. जुन्या नोंदीत मात्र खाडाखोड नको. त्याने खरी बाजूही खोटी ठरते.

अम्मीने विचारले, "चूक निघाली तर?"

"झालेली चूक कबूल करीन," मुलगी म्हणाली, "न केलेली नाही."

तिने राजीनामा दिला नाही, उत्तर दिले. चौकशी चालू आहे. या वेळी घरच्यांनी तिच्या पाठीशी उभे राहावे, एवढेच आमचे सांगणे.