फोनची पाळी व पेटंटाचा हक्क

बाजार समितीच्या काट्यावर दहा गाड्या एकदम घुसल्या, तर वजन कोणाचेच व्हावयाचे नाही. मोबाइलची गतही तीच. ४जी जाळ्यात फोन आपल्या मर्जीने टॉवरकडे माहिती धाडीत नाही. प्रथम तो पाळी मागतो; मग आपणांपाशी किती माल साचला आहे ते कळवितो; त्यावरून टॉवर त्यास वेळ व लहरींचा पट्टा नेमून देतो. हा हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो!

पाळी लावण्याच्या अशा युक्त्यांवरही पेटंट घेतात. पेटंट म्हणजे दडवून ठेवलेली गुरुकिल्ली, असे आम्ही कैक वर्षे समजत होतो. ते चूक. युक्ती उघड लिहून द्यावी लागते, तेव्हा कोठे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क मिळतो. परंतु ती सर्वमान्य मानकात शिरली, की प्रत्येक फोन बनविणारास ती वापरणे भागच. म्हणून असे हक्कदार वाजवी दराने परवाना देण्याचे वचन देतात. वाजवी म्हणजे किती, येथेच घोडे पेंड खाते. २०१३ साली एरिक्सनने मायक्रोमॅक्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेलेला वाद मोबाइलच्या अशाच पेटंटांच्या शुल्काचा होता. ते शुल्क फोनच्या किमतीत धरलेले असते. पेढीसाठी फोन घेताना ते आम्हीच भरतो.