देवपण सिनेटचं, वाट कवीची

इजिप्तमध्ये कैरोच्या दक्षिणेला बहनासा नावाचं गाव आहे. प्राचीन काळी ते ऑक्सिरिंकस म्हणून ओळखलं जाई. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज अभ्यासकांनी तिथले जुने उकिरडे उपसायला सुरुवात केली. पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा त्या वाळूत पपायरसचे ढीग निघाले: पावत्या, तक्रारअर्ज, घरगुती पत्रं आणि हरवलेल्या कवितांचे तुकडे. ते वाचून छापण्याचं काम अजून संपलेलं नाही. २०११ मध्ये त्यातलीच एक ग्रीक कविता प्रसिद्ध झाली. तिची नायिका रोमन सम्राट नीरोची बायको, सम्राज्ञी पॉपिया सबिना.

कवितेत प्रेमाची देवता अफ्रोडायटी पॉपियाला न्यायला येते. देवत्व मिळणार, तरी पॉपियाचा पाय निघत नाही. नवऱ्याला सोडून जायचं म्हणून ती रडते. मग एकेका ग्रहाची कक्षा ओलांडत ती वर चढते आणि उत्तर ध्रुवाजवळून, अंधारातून, नीरोकडे पाहत राहते.

ध्रुवबाळ आणि अरुंधतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला माणसाचा तारा होण्याचं नवल नाही. फरक इतकाच, की ध्रुवाला अढळपद तपश्चर्येनं मिळालं. रोममध्ये ते सिनेटच्या ठरावानं मिळे. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ खेळ चालू असताना आकाशात सात दिवस धूमकेतू दिसला. हा सीझरचा आत्माच, असं लोकांनी मानलं. इ.स.पू. ४२ मध्ये सिनेटनं त्याला रीतसर देव केलं आणि दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन आपसूक ‘देवाचा पुत्र’ झाला. हाच पुढचा सम्राट ऑगस्टस. इ.स. १४ मध्ये तोही वारला. त्याला स्वर्गात जाताना आपण पाहिलं, अशी एका सिनेटरनं शपथ घेतली. त्याबद्दल ऑगस्टसची विधवा लिव्हिया हिनं त्याला दहा लाख सेस्टर्स दिले, असं इतिहासकार डिओ सांगतो.

ठराव झाला, साक्षीदारही मिळाला. पण स्वर्गाची वाट कशी असते, तिथे कोण भेटतं, हे ठरावात लिहिता येत नाही. ते काम कवीचं. व्हर्जिलनं ऑगस्टसच्या हयातीतच त्याला विचारून ठेवलं होतं, की तू कुठला देव होणार, समुद्राचा की आकाशातला? राशींमध्ये त्याच्यासाठी जागाही राखून ठेवली. ओव्हिडनं सीझरचा आत्मा व्हीनस देवीच्या हाती देऊन ताऱ्यापर्यंत पोचवला. ऑगस्टसचा बाप मर्त्य ठरू नये म्हणून सीझरला देव व्हावंच लागलं, हेही त्यानं सांगून टाकलं. ही स्तुती की चिमटा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ल्युकननं तर नीरोला विनवलं, की आकाशात मधोमध बस. कडेला बसलास तर तुझ्या वजनानं आकाश कलंडेल! हाच ल्युकन पुढे नीरोविरुद्धच्या कटात सापडला आणि इ.स. ६५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याला स्वतःच्या शिरा कापून घ्याव्या लागल्या.

पॉपियाही त्याच वर्षी गेली. ती गरोदर असताना रागाच्या भरात नीरोनं तिला लाथ मारली आणि त्यातच तिचा जीव गेला, असं टॅसिटस आणि सुएटोनियस हे रोमन इतिहासकार लिहितात. दोघांनीही नीरोच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी लिहिलं आणि दोघांचाही त्याच्यावर राग होता, त्यामुळे आजचे काही संशोधक या हकिगतीवर शंका घेतात. नीरोनं तिचं दहन केलं नाही; सुगंधी द्रव्यं भरून तिचा देह ऑगस्टसच्या समाधीत ठेवला. त्याआधी चार महिन्यांच्या आत दगावलेली त्यांची मुलगी देवी झालीच होती, आता आईही झाली. इ.स. ६८ मध्ये ‘सबिना व्हीनस’ या नावानं तिचं देऊळही उभं राहिलं. कवितेत तिला न्यायला अफ्रोडायटीच का येते, हे इथे उलगडतं. व्हीनस हे अफ्रोडायटीचंच रोमन नाव.

त्याच वर्षी सिनेटनं नीरोला देशाचा शत्रू ठरवलं आणि त्यानं आत्महत्या केली. पॉपियाची ही कविता कुणी आणि केव्हा रचली, हे उमगलेलं नाही. पण हाती लागलेली प्रत नीरोच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिलेली आहे. तोवर नीरोची मर्जी राखून कुणाला काही मिळण्याजोगं उरलं नव्हतं. ग्रहांमधून जाणारी ती वाट आणि निघताना रडणारी बायको एवढंच कुणाला तरी उतरवून ठेवावंसं वाटलं.

नवऱ्यासाठी रडणारी पॉपिया कवितेत आहे आणि नवऱ्याच्या लाथेनं मेलेली पॉपिया इतिहासात. कवीला दुसरी ठाऊक होती का, हे पपायरस सांगत नाही. मात्र देवी झाल्यावरही तिची नजर नीरोवरून हटत नाही, असं त्यानं लिहिलंय. लाथेची गोष्ट ऐकलेल्या वाचकाला त्या नजरेत निव्वळ माया दिसणं कठीण.