जिलबीचा खाऊ

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमची बुंदी गेली. बुंदी आणि जिलबी हे आमच्या लेकीचे दोन गोल्डफिश. अल-राय भागातल्या शुक्रवारच्या बाजारातून, म्हणजे सूक अल-जुमामधून, तिने हट्टाने घेतलेले. नावंही तिनेच ठेवली, रंग बघून. त्या सकाळी बुंदी पाण्यावर आडवी तरंगताना दिसली, तेव्हा लेक रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबा, तू तर रोज पाणी तपासत होतास ना?"

तपासत होतोच की! कॉम्प्युटर इंजिनिअर माणूस, त्यामुळे तापमान, सामू, अमोनिया अशी सगळ्याची तारीखवार नोंद लॅपटॉपवर. आम्ही राहतो त्या महबूलामध्ये उंच इमारतींची दाटी आहे आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. याच कुवेतमध्ये मितरिबाला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. गोल्डफिश हा थंडाव्याचा मासा, त्याला साधारण १८ ते २४ अंशांचं पाणी मानवतं. म्हणून माझं सगळं लक्ष पाण्यावर. अमोनिया मात्र पुन्हा पुन्हा वाढत होता. मी पाणी बदलायचो, दोन दिवसांनी पुन्हा तेच.

चूक सापडली ती मिरजेहून. व्हिडिओ कॉलवर आईला जिलबी दाखवत होतो. लेकीने चिमूटभर खाणं टाकलं, जिलबीने ते तोंडात घेतलं आणि लगेच बाहेर टाकलं. आई म्हणाली, "अरे, थुंकतेय बघ ती! खाण्याचा वास घेऊन बघितलास का?"

नव्हता घेतला. पिशवी नाकाशी नेली तर जुन्या शेंगदाण्यांसारखा वास. चक्क खवट!

मग आठवलं सगळं. स्वस्त पडतं म्हणून एक किलोची पिशवी आणली होती. बोटभर लांबीच्या दोन माशांना ती काही वर्षं पुरली असती. गुरुवारी घेतली आणि शनिवारपर्यंत गाडीच्या डिकीतच विसरलो. इथल्या उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही, तिथे त्या खाण्याचं काय झालं असेल! नंतर ती पिशवी तोंडाला रबर लावून गॅसशेजारच्या फळीवर ठेवली. टाकीतला हात पुसून न पुसून त्याच बोटांनी आम्ही त्यातून खाणं काढायचो. मासे ते थुंकायचे, थुंकलेलं खडीत जाऊन कुजायचं आणि त्याचा अमोनिया व्हायचा. मी तो अमोनिया मोजत बसलो होतो.

आईने मासे कधी पाळले नाहीत. पण लोणच्याच्या बरणीला ओला हात लावायचा नाही, कूट महिन्यापुरताच करायचा, डबा चुलीपाशी ठेवायचा नाही, हे तिचे नियम आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माशांच्या खाण्यालाही हेच लागू होतं. त्यात माशांचं तेल असतं, ते उष्णता आणि हवा लागली की खवट होतं. क जीवनसत्त्व तर डबा उघडल्यापासून कमी व्हायला लागतं. आणि ओल गेली की बुरशी येते. बुरशीचं विष नुसतं उन्हात वाळवून जात नाही, म्हणून असं खाणं सरळ फेकून द्यावं.

तेव्हापासून आमच्या घरी छोटा डबाच येतो, दोन-तीन महिन्यांत संपेल एवढा. घेताना आधी वापरण्याची मुदत बघतो. दुकानात डबा उन्हाच्या काचेशी ठेवलेला असेल तर घेत नाही आणि सुटं खाणं तर अजिबात नाही. मग घटकांची यादी. जे सर्वात जास्त ते सहसा आधी लिहिलेलं असतं. सुरुवातीलाच मासळी किंवा कोळंबी असेल तर बरं, नुसतं पीठच पीठ असेल तर डबा परत फळीवर. गोल्डफिश हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, वनस्पतीही खाणारा. त्यामुळे मोठ्या झालेल्या माशाला तीस-पस्तीस टक्के प्रथिनं पुरतात. आमची जिलबी गोलमटोल जातीची आहे, तिला बुडणाऱ्या बारीक गोळ्या देतो. वर तरंगणारं खाणं खाताना असे मासे हवाही गिळतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

घरी आल्यावर डब्यावर उघडल्याची तारीख लिहायची. आठवड्यापुरतं खाणं छोट्या कोरड्या बाटलीत काढायचं आणि बाकीचा डबा घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये. एक काळजी मात्र घ्यायची. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडायचा नाही. तो खोलीच्या तापमानाला आला की मगच झाकण काढायचं, नाहीतर आत पाण्याचे थेंब धरतात. आणि काढायला कोरडा चमचा.

किती घालायचं, हाही प्रश्न आहेच. गोल्डफिशला जठर नसतं. दात असतात, पण घशात! पोट भरलं म्हणून तो थांबत नाही, समोर येईल ते खात राहतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एक-दोनदा. मध्येच कधीतरी उकडलेला, साल काढलेला मटाराचा दाणा. देहूला इंद्रायणीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकण्यात आपल्याला पुण्य वाटतं, पण वाहत्या नदीत जे खपतं ते साठ लिटरच्या टाकीत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस जिलबीचा उपवास असतो. "एकादशी का?" असं आईने विचारलं होतं. लेकीने शुक्रवार ठरवला, कारण त्या दिवशी सगळ्या कुवेतला सुट्टी असते.

खरी परीक्षा आली ती गेल्या उन्हाळ्यात, चार आठवड्यांसाठी मिरजेला निघताना. पाणी बदलायला साल्मियाचा एक मित्र दर शनिवारी येणार होता, पण रोजचं खाणं घालायला आमच्या इमारतीचा हारिसच. माणूस इजिप्तचा, मनाने फार मोठा. आणि मला भीती त्या मोठ्या मनाचीच. पाहुण्याला पोटभर वाढण्यात त्याच्या गावची माणसं आपल्यासारखीच असणार.

मग औषधाच्या गोळ्या ठेवायच्या सात कप्प्यांच्या चार डब्या आणल्या. लेकीने मोजून दाणे भरले आणि शुक्रवारचे कप्पे रिकामे ठेवले. बाकीचा डबा फ्रीजमध्ये भाज्यांच्या मागे लपवला. मोडक्यातोडक्या अरबीत हारिसला सांगितलं, "कुल योम, वाहिद." रोज एकच. लेकीने रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवून जोडलं, "जुमा माफी!" शुक्रवारी काही नाही. तो मनापासून हसला आणि म्हणाला, "मिया मिया." शंभर टक्के.

तरी मिरजेत असताना लेक रोज विचारायची, "जिलबी खात असेल ना?" बुंदीचं नाव तिने काढलं नाही. मला मात्र ते प्रत्येक वेळी ऐकू यायचं.

परत आलो ते पहाटे. बॅगा दारातच टाकून ती टाकीकडे पळाली. पाणी स्वच्छ होतं आणि जिलबी काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करत होती. टेबलावर चारही डब्या नीट ओळीने ठेवलेल्या, रिकाम्या. लेकीने फ्रीजमधला डबा काढला. मी काही बोलायच्या आत तिनेच तो ओट्यावर ठेवला आणि शेजारी स्टूल ओढून बसली.

"थांब बाबा," ती म्हणाली, "अजून गार आहे तो."