उकिडवे बसणे: अडते घोट्यात, दुखते गुडघ्यात

दोन्ही तळवे जमिनीला टेकवून, गुडघे पूर्ण दुमडून, बूड अधांतरी ठेवून बसणे म्हणजे उकिडवे बसणे. पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवली स्टेशनांबाहेर टाकळा, कुर्डू, शेवळाच्या जुड्या विकायला येणाऱ्या शहापूर-मुरबाडकडच्या बायका अशाच बसतात. टाचा जमिनीवर, काखा गुडघ्यांवर, हात मोकळे. स्नायूंना फारसे काम नसते. हा विसावाच असतो. त्याच स्टेशनावर लोकल पकडायला निघालेल्या नोकरदाराला तसे बसायला सांगितले, तर टाचा तरी उचलतात किंवा तो मागे कलंडतो. चाळ सुटून फ्लॅट आला, तशी विळीची जागा ओट्याने, पाटाची डायनिंग टेबलाने आणि भारतीय संडासाची कमोडने घेतली. गुडघा काटकोनापलीकडे वाकायचे दिवसभरात कारणच उरले नाही.

तक्रार गुडघ्याची असली तरी घोडे बहुतेकदा घोट्यात अडते. उकिडवे बसताना नडगी पावलावर बरीच पुढे झुकावी लागते. पोटऱ्या आखडलेल्या असल्या की ती झुकत नाही, मग टाच उचलते आणि भार चवड्यावर व गुडघ्यावर येतो. लहानपणापासूनच्या सवयीची खूण हाडावरही उमटते. शरीररचनेचे अभ्यासक हॅवेलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी लोकांच्या हाडांचा अभ्यास करून नडगी आणि घोट्याच्या हाडांवरील अशा खास पैलूंचे वर्णन केले होते.

सुटलेली सवय परत आणायची तर सुरुवात खुर्चीपासून करावी. हात न टेकता सावकाश उठायचे, तितक्याच सावकाश बसायचे; धपकन बसण्यात व्यायाम नाही. हे जमले की खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्यावे. पूर्ण बसताना पावले खांद्याइतकी किंवा थोडी जास्त रुंद, बोटे किंचित बाहेर, आणि गुडघे बोटांच्याच दिशेने. ते आत वळता कामा नयेत. टाचा टेकत नसतील तर त्यांखाली घडी घातलेली सतरंजी ठेवावी आणि खिडकीचे गज धरावेत. आधी अर्धा मिनिट पुरे. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग वर्षानुवर्षे चालतात. अशा वर्गांत याच्याशी मिळतेजुळते आसन मलासन म्हणून शिकवतात.

तालमीतली बैठक वेगळी. तिच्यात खाली जाताना टाचा उचलतात, हात झुलतात आणि वेग असतो. मांड्या भरतात, दमसास वाढतो, पण गुडघ्यावर ताणही जास्त पडतो. चाळिशीनंतर नव्याने सुरू करणाऱ्याने टाच टेकवूनच बैठका काढाव्यात. गुडघा बोटांपुढे जाता कामा नये, हा जिममधला नियम मात्र डोळे झाकून पाळू नये. गुडघा जबरदस्तीने रोखला की भार खुब्यावर आणि कंबरेवर सरकतो. खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असे टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी १९६१ मध्ये मांडले. पुढच्या अभ्यासांतून त्याला दुजोरा मिळाला नाही.

म्हणून तासन्‌तास बसावे असे नाही. बीजिंगमधील वृद्धांच्या पाहणीत, तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवे बसलेल्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली. खुरपणीसारख्या कामात फार वेळ तसेच बसल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस दबते, पाय बधिर होतो आणि क्वचित पाऊल वर उचलणेही काही काळ जमत नाही. मुंग्या येऊ लागल्या की उठावे, तेही आधार धरून. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उठताना घेरी येऊ शकते. स्नायू ताणल्याची जाणीव चालते, पण सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, गुडघा सुजला किंवा अडकला तर थांबावे. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी शल्यविशारदाला विचारल्याशिवाय खाली बसू नये. त्यांच्यासाठी खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम आहेच.