घोडीचा गाभ आणि केसाळ सुरवंट

सुरवंट अंगाला लागला की खाज सुटते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण सुरवंटांमुळे हजारो घोड्यांचा गर्भपात झाला, असं कुणी सांगितलं तर पटेल का? अमेरिकेत हे खरंच घडलं.

काय घडले?

केंटकी राज्यात लेक्सिंग्टन शहराच्या आसपास शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते. घोडीचा गर्भकाळ साधारण ११ महिन्यांचा असतो आणि एका वेळी बहुधा एकच शिंगरू होते. म्हणजे गाभ गेला की मालकाचे वर्षच वाया! २००१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सोनोग्राफी करताना डॉक्टरांना घोडीच्या पोटातले छोटे गर्भ मेलेले दिसू लागले. दिवस भरत आलेल्या घोड्यांनाही मेलेली किंवा फार अशक्त शिंगरे झाली. घोड्या मात्र बहुतेक वेळा बाहेरून ठणठणीत दिसत होत्या.

कारण कसे सापडले?

एरवी जुळे गर्भ, विषाणू किंवा गर्भाशयातील जंतुसंसर्ग यांमुळे गाभ जातो. क्वचित अंडाशयावर गाठ होते, पण तेव्हा बहुतेक वेळा घोडी गाभणच राहत नाही. इथे तर कितीतरी फार्मवर एकदमच नुकसान झाले. म्हणून संशय खाण्यावर गेला. गवतावरील बुरशीचे विष? की रानचेरीच्या पानांतले सायनाइड? तपासणीत या शंका टिकल्या नाहीत.

त्या वर्षी रानचेरीच्या झाडांवर जाळी करून राहणारे केसाळ सुरवंट अतोनात झाले होते. ते खाली उतरून गवतात फिरत आणि चरताना घोडीच्या पोटात जात. शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. सुरवंट खाऊ घातलेल्या घोड्यांचा गर्भपात झाला. पुढे कळले की दोष सुरवंटाच्या बाहेरच्या केसाळ कातडीत आहे.

हे कसे होते?

सुरवंटाचे बारीक केस आतड्याच्या आतल्या भागात टोचतात. त्या वाटेने आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. घोडीचे शरीर त्यांना तोंड देते, पण गर्भाची प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. म्हणून गर्भ दगावतो, असे स्पष्टीकरण आज दिले जाते.

उपाय काय?

इथे औषधापेक्षा काळजी मोठी. सुरवंटांच्या दिवसांत गाभण घोड्यांना रानचेरीजवळ चरू द्यायचे नाही, तोंडाला मुसके बांधायचे, सुरवंटांची जाळी वेळीच काढून टाकायची.

मित्रांनो, संशय अनेकांवर घेता येतो, पण दोषी कोण हे प्रयोगच सांगतो. विज्ञानाची हीच पद्धत.

विचार करा : सुरवंट न खाल्लेल्या घोड्याही प्रयोगात का ठेवाव्या लागतात? वहीत चार ओळी लिहा.